मुक्या सोमवारी नवे ब्रेक

तुम्ही हसाल, पण मुक्या सोमवारी मोटारीत बसायचं मी अजून टाळते. तारापूरला वीजघराचं बांधकाम चालू होतं, तेव्हा आमच्या यांनी एक जुनी मोटार घेतली होती. पालघरला तिला ब्रेकचे नवे ड्रम आणि लायनर बसवून घेतले. मिस्त्री म्हणाला, "सायेब, लायनर अजून घासून बसायचे हायत. तवर पक्की पकड नाय येणार. हळू चालवा, मधेमधे हलकेच दाबा."

श्रावणातला सोमवार, दिवेलागणीपर्यंत माझं मौन. परतीच्या वाटेवर हे सारखे ब्रेक दाबत होते आणि आवाज ऐकायला मान खिडकीबाहेर काढून मागच्या चाकाकडे बघत होते. पाम गावाच्या अलीकडे रस्त्याच्या मधून एक कोळीण टोपली घेऊन पाठमोरी चाललेली मला दिसली. यांचं लक्षच नाही! ओरडावं तर व्रत मोडणार. मनात महादेवाचं नाव घेतलं आणि शेजारून वाकून दोन्ही हातांनी हॉर्न दाबून धरला.

यांनी दचकून ब्रेक मारला. गाडी घसरत जाऊन कोळिणीपासून हातभर अंतरावर थांबली.

"बाय, तोंड हाय ना तुला? हाक मारायला काय झालं?" ती माझ्यावरच डाफरली. मी नुसते हात जोडले.

"मावशी, तिचा आज मुका सोमवार आहे," हे म्हणाले.

कोळीण टोपली सावरत यांच्याकडे बघून हसली. "मंग वाचली मी! बोलती असती तर आदी तुलाच वरडत बसली असती, हॉर्न कोन वाजवनार व्हता?"