लेस्टरची लाइन आणि अर्धी मिशी

छबील : ठरलं मग, मास्तर. साडेसातच्या आत तुमची एक ओळ विलायतेला पोचली, तर मी हे टक्कल हळदीनं रंगवून पोळभर, घराघरांपुढून फिरेन. नाही पोचली तर तुमची अर्धी मिशी. चबुतऱ्यापाशी, सगळ्यांसमोर.

रतिलाल मास्तर : कबूल. आठवडाभर सराव केलाय, फोनच्या लाइनवरून कॉम्प्युटर जोडणाऱ्या त्या मॉडेमचा. आज लागलंच पाहिजे रे. लेस्टरहून माझी लेक नयना सातला कॉम्प्युटरपाशी बसणार आहे.

छबील : पळून गेली ती?

रतिलाल : चार वर्षांनी बोलतेय. पत्रात लिहिलंय तिनं, फोनवर नको, आवाज ऐकला की तुम्ही ओरडता. लिहूनच बोलू. अर्धा तास वाट बघेन, नाही आलात तर काय ते समजेन, म्हणते.

(संध्याकाळचे सात. पोळ म्हणजे गुजराती वस्तीतली अरुंद गल्ली; तिच्यात समोरासमोर दोन खिडक्या. एकीत मास्तर; दुसरीत छबील आणि त्याची बायको हंसा.)

हंसा : हा जुना फोन माळ्यावरून कशाला काढलात?

छबील : हळू बोल. आई आजारी होती तेव्हा मास्तरांनी त्यांच्या लाइनची वायर इकडे टाकून दिली होती ना? ती कोणी काढलीच नाही. म्हातारा विसरलाय. बघ, इथं रिसीव्हर उचलला की तिकडे मॉडेम आडवं.

रतिलाल : छबील, लागत होतं रे. करकरलं आणि गेलं.

छबील : वायर नीट खोचा, मास्तर.

रतिलाल : खोचली. पुसली पण. आता डायल टोनच नाही म्हणतंय.

छबील : पंखा बंद करा. वारं बाधतं त्याला.

रतिलाल : केला.

हंसा : ठेवा हो तो खाली. घामानं निथळतायत ते.

छबील : गंमत बघ नुसती. मास्तर, चपला काढल्यात का? विलायतेची लाइन आहे.

रतिलाल : काढल्या. थांब, वेग कमी करून बघतो... लागलं. छबील, लागलं रे. तिनं लिहिलंय, 'बापुजी, आलात?'

हंसा : आता नका उचलू. पाया पडते.

छबील : टक्कल माझं रंगणार आहे, तुझं नाही.

रतिलाल : ...गेलं.

*

छबील : या, मास्तर, या. अख्खी पोळ जमलीय. बसा पायरीवर. साबण मीच लावतो. डावी की उजवी?

रतिलाल : कुठलीही. छबील, रात्रभर विचार करत होतो. तिला वाटणार, बापुजी आले आणि तोडून गेले.

छबील : हलू नका. वस्तरा आहे.

रतिलाल : आज पोस्टानं पत्र टाकतो. पण माझं ती खरं मानायची नाही. तू खिडकीत होतास सगळा वेळ. मी किती धडपडलो ते दोन ओळींत लिहिशील? तुझं ऐकेल ती.

छबील : (वस्तरा खाली घेत) मान जरा वर करा, मास्तर.

हंसा : लिहितील, मास्तर. मी समोर बसून लिहून घेते.