सातवी पायरी

साताऱ्यात भाडेकरार नोंदवायच्या रांगेत माझ्यापुढं घरमालक सुभेदार आणि त्यांचा भाडेकरू बिरू उभे होते.

“बिरू, औंदा करारात कुत्रं चालणार न्हाई अशी अट घालणार हाय.”

“खंड्या कुणाला चावला का, सुभेदार?”

“रोज दिवेलागणीला जिन्याकडं तोंड करून भुंकतंय.”

“आवं, मेंढरामागचं कुत्रं हाय ते. समदी घरात आल्याबिगर गप बसत न्हाई. तुमाला बी कळपात धरलंय त्यानं.”

“मी वर गेलो तरी भुंकतंयच की.”

“तुमच्या मागनं अजून एक येतंय न्हवं.”

“माझ्या मागनं कोण? बायको जाऊन दोन वर्सं झाली. तू ऱ्हायला यायच्या आदीच.”

“मला कोण दिसत न्हाई. खंड्या तेवढा एकेक पायरी बघत मान वर नेतो. सातव्या पायरीवर लय वेळ थांबतो. मग दारापतुर बघतो आन् गप बसतो.”

“सातव्या?”

“व्हय. रोज.”

“तितं टेकायची ती. गुडघं दुखायचं तिचं.”

रांग सरकली. खिडकीतल्या बाईंनी विचारलं, “मालक, काही अट घालायची आहे?”

“न्हाई.”

“वरच्या मजल्यावर तुम्ही किती जण राहता?”

“दोघं.”