उजवीकडचा हिरवा ठिपका

मुलगी : (फोनवर) ...आणि खाली सही काय, तर ‘एक जिज्ञासू नागरिक’! बाबा, लोकांनी पाठवलेल्या फोटोंत आकाशात काय दिसतंय, ते शोधून कळवायचं काम वेधशाळेत माझ्याकडेच आहे. तुमचा फोटो माझ्याच टेबलावर आला.

वडील : मग योग्य माणसाकडे गेला की.

मुलगी : मला सरळ पाठवायचा ना.

वडील : आधीचे दोन तुलाच पाठवले होते. अजून उघडलेले दिसत नाहीत. म्हटलं, ऑफिसातून तरी उत्तर येईल.

मुलगी : कामाचा ढीग असतो हो.

वडील : असणारच. मी कुठं काय म्हणतोय? बरं, तो हिरवा ठिपका कसला ते सांग. शेजारचे मास्तर म्हणाले, धूमकेतू. त्यांची बायको म्हणाली, दोघंही चष्मे पुसा.

मुलगी : धूमकेतू नाही. खाली डाव्या कोपऱ्यात एक दिवा आलाय. तिथून फोटोच्या मध्यातून सरळ रेघ ओढली, की तेवढ्याच अंतरावर पलीकडे तुमचा ठिपका. दिव्याचा उजेड लेन्सच्या काचांमध्ये परतून तिथं उमटतो. असे फोटो आमच्याकडे रोज येतात.

वडील : हात्तिच्या. म्हणजे आकाशात काहीच नाही.

मुलगी : नाही. पण बाबा, आपल्या गच्चीवर दिवा कुठला?

वडील : जिन्याच्या तोंडाशी बसवून घेतला. दोन महिने झाले.

मुलगी : असा एकाएकी?

वडील : अंधारात पाय घसरला होता. मनगट मोडलं. आता प्लास्टर काढलंय. मास्तरांनीच दवाखान्यात नेलं, म्हणाले, मुलीला बोलवून घ्या. मी म्हटलं, कळवलंय तिला.

मुलगी : कधी कळवलंत?

वडील : पहिला फोटो पाठवला ना, त्याच्याखाली लिहिलं होतं.

(मुलगी तो पहिला फोटो उघडून खालची ओळ वाचते.)

वडील : अगं, आहेस ना?

मुलगी : आहे. हात दुखतो का?

वडील : शर्टाची बटणं लावताना थोडा. वरचं एक सोडूनच देतो. असं करू का, दिवा बंद करून परत फोटो काढू? मग ठिपका येणार नाही ना?

मुलगी : नको. अंधारात त्या जिन्यावर पाऊल टाकायचं नाही. फोटो राहू देत आता.

वडील : मग तुला काय पाठवू?