पहिल्या गाडीचा नंबर

ढाणकीची मी, नसरीन. आमच्या अब्बाले अख्खी ढाणकी ओळखे, उस्मानभाई मोटरवाले म्हणून. विहिरीवरच्या पाण्याच्या मोटरी जळल्या की त्यायले नवी तार भरून द्यायचं काम, आमच्या ओट्यावरच चाले, अन् मी लहानपणापासून त्या तांब्याच्या तारेच्या वेटोळ्यातच बसून अभ्यास केला, आता काय सांगू तुम्हाले. अब्बाची एक गोष्ट मी जलमभर विसरणार नाही. मोटर आवाज करून राह्यली म्हणून कोणी घेऊन आलं की अब्बा लगेच खोलत नसत. स्क्रू पिळायचा लांब पेचकस घेत, त्याचं टोक मोटरीवर अन् दांडा आपल्या कानाले, अन् डोळे मिटून ऐकत बसत. शेतकरी म्हणे, अरे खोला ना उस्मानभाई, पाणी द्यायचं हाय. अब्बा म्हणत, थांब रे, आधी तिले बोलू दे, हात मंग लावू.

हे मले पाठ होतं बरं, तोंडपाठ होतं, अन् तरी ऐन वेळेले मी तेच विसरली. तेच तं सांगायचं हाय.

एका शाळेनं जुना कॉम्प्युटर भंगारात काढला होता. अब्बायनं तो आणला, त्याचा पंखा बदलला, कायकाय केलं, अन् तो सुरू झाला बाप्पा! मी बारावीत होती. मंग उमरखेडले क्लास लावला, प्रोग्राम लिहायचा. पहिल्यांदा स्क्रीनवर बटन काढलं अन् ते दाबल्यावर डब्बा उघडून त्यात माझं नाव आलं, तं मी अशी नाचली, अशी नाचली, अम्मीले वाटलं विंचू चावला पोट्टीले.

आता ते दिवस कसे होते ते तुम्हाले माहीत हाय. कापसाचे वाईट दिवस. बोंडअळीनं अर्धा माल खाल्लेला, उरलेल्याले कोणी पुसत नव्हतं, अन् जे काही पदरात पडलं ते लवकर मोजून मोकळं व्हावं म्हणून जो तो घाईत. आमच्या रस्त्यावरच्या जिनिंगमध्ये गाड्यायची रांग लागे, बैलबंड्या, ट्रॅक्टर, सारं. अन् रोज भांडणं. माझा नंबर आधी, तुझा मंग, चिठ्ठी फाटली, चिठ्ठी बदलली. तं जिनिंगच्या शेठनं ठरवलं, कॉम्प्युटर लावू. गाडी आली की नाव टाकायचं, यादी खिडकीतल्या स्क्रीनवर साऱ्यायले दिसन, भोंग्यावरचा माणूस त्याच यादीतून नाव पुकारन. मशीनवर कोण आळ घेते? अन् ते काम कोणाले भेटलं? मले! उस्मानभाईच्या पोट्टीले! एकोणीस वर्षाची होती मी. अब्बायनं शेठले एवढंच सांगितलं, पोट्टीनं बिघडवलं तं माझ्याकडं या, तिच्याकडं नका जाऊ. म्हणजे पाहा, नाव अब्बाचं पणाला लागलं होतं.

महिनाभर बसून प्रोग्राम लिहिला. घरी नऊ गाड्या टाकून पाह्यल्या, खोट्याखोट्या, एक ते नऊ, सारं झकास. नऊच काहून? अवो, माझ्या घरच्या पडद्यावर नऊच ओळी मावत होत्या, अन् मले वाटलं नऊ चालल्या म्हणजे नव्वद चालतीन.

काट्यावर रामजीकाका म्हणून मापारी होते. पिढीजात मापारी, आधी धान्य मोजत, मंग कापूस. धोतर, टोपी, अन् चष्म्याची एक काडी दोऱ्यानं बांधलेली. नंबर पहिल्यापासून तेच देत, चिठ्ठीवर लिहून गाडीवाल्याच्या हातात, म्हणून कॉम्प्युटरवरही नंबर त्यायनंच टाकायचा असं मी ठेवलं. कीबोर्डवर मराठी अक्षरं चिकटवून देल्ली त्यायले.

आदल्या दिवशी शिकवाले गेली. काकानं नाव टाकलं, बटन दाबलं. कॉम्प्युटर जुना, विचार कराले वेळ लागे, पडदा ढिम्म. काकाले वाटलं दाबल्या गेलं नाही. परत दाबलं. परत दाबलं. काट्याचा खटका कसा, बसला नाही तं आणखी जोरानं दाबायचा, तशी सवय. अन् यादीत एकाच माणसाच्या चार गाड्या! मी हासली, म्हटलं काका, याले बहिरेपणा नाही, हळूपणा हाय. तिथंच बसून असं केलं की एकदा दाबलं की बटन फिक्कं पडन अन् त्यावर येईन, थांबा काका. काका लय खूश झाले, म्हणे मशीन माझ्या नावानं बोलून राह्यली. मी तं हवेतच!

अन् मंग काकानं खऱ्यासारखी पहिली गाडी टाकून पाह्यली. नंबरच्या रकान्यात लिहिलं, लाभ. बटन दाबलं अन् धाडकन एरर, प्रोग्राम बंद! मी म्हटलं काका हे काय लिहिलं? तं म्हणे, नंबर लिहिला. आता तुम्ही शहरातले, तुम्हाले सांगाले पाहिजे. आमच्याकडचा मापारी एक म्हणत नाही. पहिलं माप टाकलं की लाभ म्हणतो, मंग दोन, तीन, चार. बापजाद्यापासून. अन् माझा रकाना आकड्याचा, त्यानं अक्षर पाह्यलं की बंद पडे.

तुम्हीच सांगा, अशा वेळी काय कराले पाहिजे? बसून ऐकाले पाहिजे. पेचकस कानाले लावाले पाहिजे. पण दुसऱ्याच दिवशी सकाळी सुरू करायचं होतं, शेठ मांगं उभा, अन् मले शाणपण दाखवायचं होतं. सकाळी सातले गेली अन् तो रकाना आकड्याचा होता तो अक्षराचा करून टाकला. दोन मिनटाचं काम. काकानं लाभ लिहिलं, बटन दाबलं, यादीत आलं, लाभ, सुमनबाई. एकच गाडी यादीत, वरच दिसणार ना! मी टाळ्या वाजवल्या अन् नाश्ता कराले घरी गेली.

सुमनबाई म्हणजे पलीकडच्या खेड्यातली, नवरा मांगच वारलेला, स्वतः बंडी हाकत आणलेली, फटफटतच येऊन फाटकाशी उभी. त्या दिवशी आभाळ भरून आलतं. अवकाळीचं आभाळ, काळंशार. जिनिंगमध्ये शेड एकच अन् लहान, वजन झालं त्याचाच कापूस शेडमध्ये जाये, बाकी सारे उघड्यावर. भिजला कापूस तं कोण घेते?

दहा वाजता जिनिंग सुरू झाली, तवरक तेवीस गाड्या यादीत. अन् भोंग्यावर पहिलं नाव कोणाचं पुकारलं माहीत हाय? दहा नंबर! अन् दहा नंबर कोण, तं शेठचा साडू!

मी घरी चहाचा दुसरा कप उचलला अन् गलका ऐकू आला. चप्पल न घालता पळाली. फाटकात हे गर्दी! शेठचा साडू ट्रॅक्टर घेऊन काट्यावर चढून राह्यलेला, लोकायनं त्याच्यासमोर बैल आडवे घातलेले, अन् सारे ओरडून राह्यले, मशीनले शिकवून आणलं, शेठनं मशीनले शिकवून आणलं! एक जण खिडकीत दगड घेऊन उभा. अन् सुमनबाई नुसती त्या पडद्याकडं पाहून राह्यलती, कारण तिचं नाव साऱ्यात खाली, अगदी तेविसाव्या जागी. मले पाह्यलं अन् म्हणे, बाई, मी तं पहिली आलती ना वो?

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण राग कोणावर काढू, माझ्यावरच! अब्बा मांगून आले होते, हातात तार तशीच. शेठ म्हणे, उस्मानभाई, हे काय केलं पोट्टीनं? बंद करा हे, चिठ्ठ्या काढा. अब्बानं त्याच्याकडं पाह्यलंच नाही. मले म्हणे, बेटा, हात नको लावू. ऐक.

तं मी हात मांगं बांधले अन् यादी मोठ्यानं वाचली. दहा, अकरा, बारा, असं एकोणीसपर्यंत, मंग दोन, मंग वीस, एकवीस, बावीस, तेवीस, मंग तीन, चार, ते नऊ, अन् शेवटी लाभ. एकदा वाचली. दोनदा वाचली. अन् तिसऱ्यांदा वाचता वाचता मी ओरडलीच, अरे हा मोजून नाही राह्यला, हा वाचून राह्यला! अवो, मी त्याले सांगितलं होतं की ही अक्षरं हायत. तं तो शब्दकोशासारखं लावून राह्यला, आधी पहिलं अक्षर पाहायचं, मंग दुसरं. एकानं सुरू होणारे सारे आधी, म्हणून दहा वर. वीस कायले तिनाच्या आधी, तं दोननं सुरू होते म्हणून. अन् लाभ अक्षर, आकडे संपल्यावर. एक नंबर तं यादीत नव्हताच! कोणी शिकवलं नव्हतं त्याले. मीच शिकवलं होतं, अन् चुकीचं.

हे मी खिडकीत उभी राहून साऱ्यायले सांगितलं. दगडवाल्याले म्हटलं, दादा, मारायचा तं मले मारा, याची काही चूक नाही. तो शरमला, दगड खाली ठेवला, पण पायाजवळच ठेवला बरं.

शेठ म्हणे, सोपं हाय, रकाना आकड्याचा कर, अन् रामजी, तू लाभ नको लिहू, एक लिही. झालं. मीही तेच म्हणणार होती, खरं सांगते. पण काकानं टोपी काढून टेबलावर ठेवली. म्हणे, शेठ, यंदा या रांगेत कोणाच्याच घरी लाभ गेला नाही. तोंडात तरी राहू द्या. नसन चालत तं दुसरा मापारी पाहा.

माझ्या डोळ्यात पाणी आलं, लपवत नाही. अन् त्याच पाण्यात मले दिसलं, खरंच दिसलं! काका बोलतात लाभ, पण मनात तं त्यायले माहीत हाय की ही पहिली हाय, मंगच तं पुढं दोन म्हणतात ना? म्हणजे दाखवायचं एक अन् मनात ठेवायचं एक. मी प्रोग्रामले मनच देल्लं नव्हतं! मी म्हटलं, मले अर्धा तास द्या, कोणी हलू नका.

बसली. आतून एक आकड्याचा रकाना बनवला, कोणाले न दिसणारा. जशी गाडी येईन तसा तो आपला आपण वाढन, एक, दोन, तीन, अन् यादी त्याच्यावरच लागन. अन् पडद्यावर जे दिसते ते काकाचं, त्यायले जे लिहायचं ते लिहा. खिडकीले चाळीस डोकी चिकटलेली, कोणी म्हणे लिहिते भारी पोट्टी, कोणी म्हणे आभाळ पाहा आभाळ, अन् माझी बोटं अशी पळून राह्यलती की मले स्वतःचंच नवल. आधीच्या तेवीस गाड्यायले काकाच्या चिठ्ठ्या पाहून आतले आकडे देल्ले. अन् या वेळेस नऊवर नाही थांबली. खोट्या गाड्या टाकून एकशे बारापर्यंत नेऊन पाह्यलं, मंग त्या काढल्या. अन् बटन दाबलं. थांबा काका आलं. सारे थांबले.

लाभ, सुमनबाई. दोन. तीन. चार. अन् दहा नंबर बरोब्बर दहाव्या जागी!

हे शिट्ट्या, हे टाळ्या! बैल बिथरले. शेठनं साडूले म्हटलं, घे मांगं, अन् त्यानं ट्रॅक्टर मांगं घेतला, तं लोकायनं त्यालेही टाळ्या देल्ल्या. भोंग्यावर पुकारलं, लाभ नंबर, सुमनबाई. ती बंडी हाकत काट्यावर आली, काकानं वजन घेतलं, अन् तिचा कापूस शेडात गेला. बाराव्या गाडीले पहिले थेंब पडले. बाकीच्यायनं ताडपत्र्या ओढल्या, काहीचा भिजला, तेही सांगते, साऱ्यायचं भलं झालं असं नाही. पण त्या दिवशी कोणाचा नंबर कोणी खाल्ला नाही.

घरी आली. अब्बा ओट्यावर बसून खोललेल्या मोटरीचे नट मोजून राह्यले होते, डब्बीत टाकता टाकता. बरकत, दोन, तीन, चार. मी उंबऱ्यातच थांबली. अवो, माझा बाप! एकोणीस वर्षं माझ्या कानावर पडून राह्यलं होतं, बरकत, दोन, तीन, अन् मी नुसत्या आकड्याचा रकाना बनवून बसली! अब्बा म्हणे, काहून हासते? मी म्हटलं, काही नाही, मोजा तुम्ही.

आता लोहाऱ्याले माझं छोटं ऑफिस हाय, कारखान्यायले प्रोग्राम लिहून देते. रामजीकाका गेले. अब्बायले ऐकू कमी येते, पेचकस भिंतीले टांगला हाय. पण तो न दिसणारा रकाना माझ्या हरेक प्रोग्राममध्ये राह्यते, अन् पहिल्याचं नाव ज्याले जे ठेवायचं ते ठेवाले जागा राह्यते. झरी जामणीकडं मोहफुलाच्या खरेदी केंद्रावर लावून देल्ला, तं तिथल्या कोलाम बाईनं आपल्या बोलीतलं काही टाकलं. मले त्याचा अर्थ नाही माहीत. यादी बराबर लागली.

अन् तुम्हाले एक सांगू? मघापासून पाहून राह्यली, तुम्ही लिहिता अन् पानाच्या कोपऱ्यात आकडा टाकता. पहिल्या पानावर एक टाकला तुम्ही. खोडा तो. बरकत लिहा, तुमची पानं भरत राहोत.