छत्रीचे टाके

हॅलो?… आई? अहो, मीच करणार होते फोन. दोन्ही हात माशांच्या टाकीत होते, म्हणून उचलायला वेळ लागला.

…हो, हातमोजे घातलेत. दोन्ही हातांत. दुखावलेलं कोरल विष सोडतं, हे त्या मासेवाल्या दुकानदाराने दहादा बजावलंय… पंप बंद केलाय. दिवा लावलाय. अहो आई, ऐका तर!

…छत्री कशी आहे? मिटलेलीच आहे… काय? कोण विचारतंय, वन्सं? सांगा त्यांना, पावसातली नव्हे हो. टाकीतल्या कोरलला, त्या जिवंत प्रवाळाला, आपण छत्री म्हणतो. दिसतंच तसं.

…नाही, सडली नाही. वास घेतला ना मी. वरून नुसती मेणासारखी साय धरलीय. कात टाकतेय म्हणे… हो, रुसलीय. तुमच्यासारखीच.

…आजच काढायचा तुम्ही घातलेल्या टाक्यांचा दोरा. फार ठेवला तर रुततो. दगडाला चिकटली असेल तर राहील, नाही तर… असं बोलू नका ना!

…तुम्ही ठेवू नका फोन. स्पीकरवर टाकते. हं… येतंय ऐकू? ओरडू नका, मासे बिचकतील!

…कात्री? छोटी, नखांची. उकळून घेतलीय… आधी कुठला टाका? डावीकडचा? माझं डावं की तुमचं?… तुम्ही खिडकीकडे तोंड करून बसला होतात शिवायला. म्हणजे स्वयंपाकघराकडचा. बरं.

…कापला… नाही, ओढत नाहीये. आपोआप सुटू देतेय.

…दुसरा. अगंबाई, किती बारीक टाके हे! पडद्यांना तर हातभर लांब घालता… हसता काय! सगळे पडदे उसवलेत.

…आता शेवटचा. थांबा जरा. श्वास घेऊ द्या.

…आई, एक बोलू?… नाही, आधी बोलते, मग कापते. काच पुसताना माझंच कोपर लागलं, दगड कोसळला, छत्री बुडापासून फाटून हातात आली. तुमचा मुलगा म्हणाला, दे टाकून. दुकानदार म्हणाला, शिवता येते, पण हात हलका हवा. आणि मी आपली रडत बसले. तेव्हा तुम्ही चष्मा चढवलात आणि म्हणालात, ‘फाटलीय ना? मग शिवू.’ इतकी वर्षं ज्या टाकीला खारट डबकं म्हणालात, तिच्यात कोपरापर्यंत हात घातलात तुम्ही… विषय बदलू नका!

…हो, हो. कापते.

…कापला.

…

…आई…

…बसलीय! अहो, घट्ट धरून बसलीय दगडाला! हाताने पाणी हलवून बघितलं, नुसती वरून डुलतेय, बूड ढिम्म हलत नाही!… रडत नाहीये. पाणी उडालं डोळ्यात… हो, खारंच आहे ते.

…थांबा, पंप लावते… लावला. तरी बसलीय.

…फार उपकार झाले, आई… नाही, म्हणू द्या मला. लग्न झालं तेव्हा माहेरून टाकी घेऊन आले, तेव्हापासून ती या घरात एकट्या माझीच होती. आता तशी वाटत नाही. बस्स, एवढंच सांगायचं होतं.

…काय? तुमचा मुलगा? आहे की, मजेत आहे. बरा आठवला हो आत्ता!

…आई, येताय कधी?… वन्सं म्हणतात, राहा अजून? द्या त्यांना फोन. द्या हो.

…हॅलो, वन्सं? हो, मीच… छे, भांडायला नाही. उद्या येतोय आम्ही दोघं, तुमच्या आईंना न्यायला… ऐका ना, अहो… माहितीय, लेकीकडे क्वचितच येतात… कोरलसाठी? नाही हो. ते बरं झालं आता.

…मलाच करमत नाहीये त्यांच्यावाचून.

…हं. ठेवते. सांगू नका त्यांना… अगंबाई, स्पीकरवर आहे तुमच्याकडेही?