बांगडे आणि गाऱ्हाणं

देवरूखच्या गाडीला उशीर होता. रत्नागिरी स्टँडवर कुमुदताईंनी पेपर उघडला होता, पण कान मागच्या बाकावर होते. तिथे एक आजोबा मोबाइलवर मॅच बघत होते आणि शेजारी आजी ताज्या बांगड्यांची पिशवी सांभाळत होत्या.

"गेली विकेट! संपलं सगळं."

"अहो, हळू. लोक बघतायत."

"तुला काय! मघाशी देवळात गाऱ्हाणं मी घातलंय. भारत जिंकला तरच आज मासे खाईन म्हणून."

"कुणी सांगितलं होतं? मी खाईन एकटी."

एवढ्यात नात वडापाव घेऊन आली आणि मोबाइलवर वाकली.

"आजोबा, ही मॅच खरी नाही."

"म्हणजे फिक्स?"

"नाही हो, व्हिडिओ गेम आहे. कुणी मुलगा घरी बसून खेळतोय आणि लाइव्ह दाखवतोय."

"मग विकेट गेल्यावर आईच्या नावानं ओरडला, तो कॉमेंटेटर नव्हे?"

"तोच तो मुलगा."

"सुटलो! मॅच खोटी, तर गाऱ्हाणंही खोटं."

"वा!" आजी म्हणाल्या. "आणि देव? तोही गेममधला काय? दिला शब्द तो दिला."

आजोबा नातीकडे वळले.

"योगिनी, त्या मुलाला काही कळवता येतं काय गो?"

"येतं. खाली लिहायचं."

"मग लिही. बाळा, उचलून मारू नको, एकेक धाव काढ. इकडे बांगडे खोळंबलेत."

देवरूखची गाडी लागली. कुमुदताई आपली पिशवी घेऊन उठल्या आणि मागे वळल्या.

"किती हव्यात अजून?"