टेम्पोतला लोड

इन्व्हर्टरची बॅटरी बदलायला मी धुळ्याच्या दुकानात रांगेत उभा होतो. माझ्यापुढे सोनगीरचे पितांबर नाना, ट्रक चालवून म्हातारे झालेले. काउंटरमागे माणकचंद शेठ.

"नाना, टेम्पोत राहायचं म्हणता, तर लोड किती?"

"पलंग, पाणीना ड्रम अन् मनी बायको. तीसच किलो राह्यनी ती."

"वजन नाही हो! विजेवर काय काय चालणार?"

"तिनं ऑक्सिजननं मशीन. रातदिन."

"आणि पंखा?"

"पुठ्ठा हालाईसन वारा घालसू मी."

"टपावर सोलरचे दोनच पॅनल मावतील. दिवसभर कडक ऊन मिळालं तरी मशीन बारा तास चालेल. पुढे बंद."

"निंबना सावलीमा गाडी लावी तं?"

"सावलीत चार्जिंग नाही. गाडी उन्हातच लावावी लागेल."

"उन्हमा पत्रा तापस, शेठ. ती भाजाई जाई."

"मग लॉजवर थांबा."

"मशीन देखीसन कोनी खोली देत नही."

"या अवस्थेत नेताच कशाला? घरी ठेवा."

"चाळीस साल आग्रा रोडवर केळी वाहिली. तिले तो रोड एकदाव दखाडाना शे. डॉक्टरनी पंधराच दिन सांगेल शेतस."

शेठनी कागदावरचा हिशेब खोडला.

"गाडी चालू राहिली तं इंजिनवर बॅटरी भरस ना?"

"भरते. तसं जोडून देतो. पण थांबलात की पुन्हा तेच."

"मंग थांबाना नही."

"अहो नाना, झोपाल कधी?"

"ती गई म्हंजे झोपाले सारा टाइम शे."